विमानाच्या आधी

धम्मपाल विमानाच्या आधीच घरी पोचला. बरं, असं काही घडलंच नाही, असं समजून पुढे वाचा.

पुण्याहून रायपूर विमानानं दोन तास, तिथून भिलाई टॅक्सीनं आणखी एक. पोरगा वाटेतल्या कुम्हारीला पोचला की भिलाईच्या घरी ताट वाढायचं, ही गिरजाबाईंची रीत. पण विमानाच्या वेगाचा त्यांना अंदाज नव्हता. पोरानं ‘विमानात बसलो’ कळवलं आणि त्यांनी भात वाढला.

तासाभरानं धम्मपाल आतल्या खोलीतून आला. “जयभीम, आई,” म्हणत ताटावर बसला. हात बर्फासारखा गार. वर थंडी असते म्हणतात.

“अवो, हा तं आला!”

त्यांचे यजमान भय्याजी मोबाइलवर विमानाचा ठिपका पाहत होते. “येडी झाली का? पोट्टं अजून नागपूरच्या वर उडून रायलं.” मग त्यांनी मान वर केली, ताटावरच्या पोराकडे पाहिलं आणि पुन्हा ठिपक्याकडे.

“विमान उतरलं की तो अन् मी, आमच्यातला एकच राहीन,” धम्मपाल म्हणाला. “कोणता, ते मलेही माहीत नाही. भात वाढ.”

गिरजाबाईंनी भात वाढला आणि नवऱ्याला विमान कंपनीला लिहायला लावलं:

“महोदय, सदर विमान पुढील आदेशापर्यंत खाली उतरवू नये, ही नम्र विनंती.”