सुईचा दाब

भिंगाखाली विजेच्या मंडलातला तिळाएवढा रोधक, म्हणजे रेझिस्टर, होता आणि त्याच्या खालून गोंदाची करडी कड जेमतेम दिसत होती. तिला चमक नव्हती, तरी ती चांदीच होती. पूर्वी या गोंदात नुसते चांदीचे पापुद्रे असत. त्यांच्यामधल्या फटी अर्लिस टोस्ट्रुडने चांदीच्या नॅनोकणांनी भरल्या. पातळ प्लॅस्टिकला धक्का लागणार नाही इतक्या कमी उष्णतेत ते कण एकमेकांना सांधत आणि वीज सहज वाहत असे.

अशक्त हृदयाच्या तान्ह्या बाळांच्या छातीवर चिकटवायच्या, ठोके टिपणाऱ्या पट्टीत हा गोंद जाणार होता. पट्टी बनवणारी रनी ओल्मस्टेड गोंद भरून गोठवलेल्या सिरिंजा न्यायला आज डुलुथहून यायची होती.

ओलाव्यात टिकतो का ते पाहायला दमट कपाटात कित्येक आठवडे ठेवलेला हा नमुना अर्लिसने तपासायला घेतला. मीटरची एक सुई खालच्या तांब्याच्या रेघेवर, दुसरी रोधकाच्या टोकावर. विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा थरथरला. सवयीने तिने दुसरी सुई दाबली. आकडा स्थिरावला.

"ठणठणीत," ती म्हणाली.

"तू दाबलंस तर मेलेलंही उठून बसेल," शेजारच्या टेबलावरून ड्वेन क्वाले म्हणाला. दोघांनी एकाच प्रयोगशाळेत केस पांढरे केले होते.

"तुझा हात हलका आहे, म्हणून तुला खोट दिसते."

"हो, हलकाच आहे. म्हणून तर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपासून सांगतोय."

"गोंदाच्या पुढच्या घाण्यात नीट होईल म्हटलं ना मी!"

"दर घाण्याला म्हणतेस, अर्लिस." तो हसला नाही. "त्या बाळाच्या छातीवर सुई दाबून कोण बसणार आहे?"

या वेळी तिने सुई नुसती टेकवली. आकडा चढत गेला. दाबली, उतरला. सोडली, पुन्हा चढला. तिने भिंग जवळ ओढलं. गोंद आणि रोधकाच्या टोकावरचा कथलाचा मुलामा यांच्यामध्ये केसाएवढी भेग होती. ओलाव्याने तिथला कथील गंजला होता. इतके दिवस तिचाच हात ती भेग मिटवत आला होता.

बाहेर बर्फावर टायर करकरले. बूट झटकत रनी आत आली, हातात रिकामी थंड पेटी.

"अगं, किती गारठा! सिरिंजा तयार आहेत ना?"

ड्वेनने मान खाली घातली. अर्लिसने दोन्ही सुया जागेवर ठेवल्या.

"रनी, पेटी बंदच राहू दे," ती म्हणाली. "हा गोंद मी देणार नाही."