गुहेचा दोर, गच्चीतलं वाळवण

मी गुहेत उतरायचा दोर आहे. कपडे वाळत घालायचा नव्हे. म्हणजे नव्हतो. आज माझ्यावर दोन टॉवेल आणि एक ओली साडी लोंबकळतेय, तेव्हा फार तोरा मिरवत नाही. पण ऐकाच, कारण माझ्याबद्दल गावभर खोटं पसरवलं गेलंय.

माझा जन्म चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यातला. आत नायलॉनचे पांढरे धागे आणि वर विणलेली निळी खोळ, असा माझा पिंड. चेन्नईच्या एका गुहा-मंडळानं मला घेतलं. ही मंडळी आठवडाभर कचेऱ्यांत बसायची आणि सुट्टीच्या दिवशी डोंगराच्या पोटात शिरायची. हौस म्हणजे हौस, तिला काय मोल?

मंडळाचे म्होरके मकरंद. पुण्याकडून नोकरीसाठी आलेले, अंबत्तूरला राहायचे. नव्या माणसांना पहिला धडा तेच देत. मला हातात धरून सांगत, "दोराला ॲसिडपासून लांब ठेवा. ते आतून खातं आणि वरून काही दिसत नाही." शब्द न् शब्द मला पाठ आहे. मी त्यांच्या हातात किती निर्धास्त असायचो.

आणि माझी निगा राखायची हरिप्रिया. विल्लिवाक्कमची, बँकेत नोकरी, तंजावरी मराठी घरातली. प्रत्येक मोहिमेनंतर ती मला गच्चीत बादलीत बुचकळायची, सावलीत वाळवायची आणि मग टोकापासून टोकापर्यंत उघडा तळवा फिरवत पिशवीत भरायची. "सरी, कण्णा, झालं तुझं," असं पुटपुटायची; म्हणजे तमिळमध्ये 'बरं, बाळा'. लेकराला न्हाऊ घातल्यासारखं.

मंडळाचा एक नियम होता: जो दोर बांधेल, तोच पहिला उतरेल. म्हणजे बांधणाऱ्याचा जीव आधी टांगणीला. त्यामुळे कोणी गाठीत हयगय करत नसे. बहुतेक वेळा मकरंदच बांधत आणि मकरंदच उतरत. हरिप्रियाला बांधायची फार इच्छा होती, पण ते म्हणत, "अजून थोडं थांब."

मागच्या पावसाळ्यात मकरंदच्या घरात पाणी शिरलं. मी तेव्हा त्यांच्याकडेच होतो. इन्व्हर्टरची बॅटरी वरच्या मजल्यावर चढवायची होती. मंडळाचा दोर घरकामाला वापरायचा नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी मलाच बॅटरीला बांधलं. ओढता ओढता बॅटरी कलंडली आणि आतलं ॲसिड माझ्या अंगावर सांडलं. आग आग झाली हो. त्यांनी लगबगीनं मला नळाखाली धरलं, इकडे तिकडे पाहिलं आणि वाळत टाकलं. मला वाटलं, आता हे सांगतील. चारचौघांत जरा खाली बघावं लागेल, एवढंच. पण ते म्होरके ना. त्यांनी ब्र काढला नाही.

पुढच्या मोहिमेला आम्ही भल्या पहाटे निघालो. गाडीत मकरंद, हरिप्रिया आणि रेल्वेतून निवृत्त झालेले शेषाद्री. गुम्मिडिपूंडी मागे पडलं, आंध्रची हद्द ओलांडली आणि ऊन चढायच्या आत आम्ही गुहेच्या तोंडाशी होतो. आत थोडं चाललं की खोल विहिरीसारखा खड्डा लागतो. तिथेच दोर बांधून खाली उतरायचं.

मकरंदनी पिशवी पुढे केली. "हरिप्रिया, आज तू बांध."

तिचा चेहरा असा फुलला, की मला दिव्याच्या उजेडात पाहवेना. "खरंच, अण्णा?"

"मग? किती दिवस मागे लागलीयेस. पिशवी मीच भरून आणलीय, तुला काही बघायला नको."

अण्णांनी भरलीय म्हणजे झालं, असं तिला वाटलं असणार. तिनं माझं वरचं टोक खडकातल्या कड्यांना नेटकं बांधलं. पिशवी कमरेला लटकवली आणि पाय कडेवरून सोडले. मी वर पाहिलं. मकरंद आपल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होते. ती चांगली घट्ट होती.

पिशवीतून मी हळूहळू सुटत होतो आणि माझा तो भाजलेला भाग तिच्याकडे सरकत होता. ओरडायला मला तोंड नाही. पण उतरताना ती उजव्या हातात मोजा घालत नसे. तळव्याला कळतं म्हणायची. आणि कळलंच. तिचा हात थांबला. तो भाग नुकताच पिशवीतून तिच्या हाताशी आला होता, त्यावर तिचा भार अजून पडायचा होता. ती वर चढून आली.

"अण्णा, याला काय लागलंय?"

"चिखल असेल."

"चिखल नाही हा. मीच धुते ना याला."

शेषाद्रींनी तो भाग दोन हातांत धरून वाकवला. खोळ चिरली आणि आतले धागे कुजलेल्या काथ्यासारखे तुटून बाहेर आले.

"बॅटरी चढवताना जरा सांडलं होतं," मकरंद म्हणाले. "लगेच धुतला होता मी. मला वाटलं, काही होणार नाही."

"काही होणार नव्हतं, तर तुम्ही का नाही उतरलात?"

"तुला संधी द्यायची होती."

"संधी," ती म्हणाली. तिनं मला कड्यांतून सोडवलं.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर मकरंदनी लिहिलं: दोर जुना होऊन खराब झाला, बाद करत आहोत. मी जुना? माझ्या खोळीचा निळा रंगसुद्धा विटला नव्हता. शेषाद्रींनी ते वाचलं आणि खाली होकाराचा अंगठा टाकला. त्या अंगठ्याचा घाव मला ॲसिडापेक्षा जास्त लागला. एकानं विश्वासात घेऊन गळा कापला आणि दुसऱ्यानं सुरी पुसून ठेवली.

बाद दोर कापून टाकतात, कोणी चुकून उतरू नये म्हणून. हरिप्रियानं स्वतः मला कापलं. जळका तुकडा तिनं फेकला आणि चांगला भाग इथे गच्चीत बांधला. ती आता गुहेत जात नाही. ग्रुपवरूनही निघून गेली.

माणसांनो, दोर तपासायचाच. पण तो तुमच्या हातात देणारा आधी स्वतः त्यावर लोंबकळतो का, तेही पाहा.

माझं दुःख मात्र वेगळंच आहे. रोज सकाळी ती ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर येते. बादली खाली ठेवते आणि साडी टाकण्याआधी माझ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवते. पूर्वीही फिरवायची, पण तेव्हा "सरी, कण्णा" म्हणायची.