मामाचं पाणी

क्वीनीला मरायला घरी जायचं होतं, आणि घर वाळवंटात दिवसभराच्या वाटेवर होतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या दवाखान्यात, डायलिसिसच्या खुर्चीत तिला जीव सोडायचा नव्हता. गावच्या कलाकेंद्राची गाडी मयतीला गेलेली. तिकडचा दुखवटा कधी संपेल, कोण सांगणार? अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिची मामेबहीण मावीस ट्रेव्हरच्या चित्रांच्या दुकानात गेली.

हा ट्रेव्हर म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं खाऊन वर ढेकर देणारा माणूस. मावीसच्या बापाच्या पाणवठ्याचं आणि तिथवरच्या वाटेचं ठिपक्यांचं चित्र त्याने एका भाडोत्री चित्रकाराकडून उतरवून घेतलं होतं. सौदा असा: मावीसने हातात ब्रश धरून त्या चित्रासोबत फोटो काढू द्यायचा, गिऱ्हाईक आलं की ‘हो, माझंच’ म्हणायचं, आणि विक्री झाली की ट्रेव्हरची जुनी गाडी घेऊन जायचं. मावीसने फोटो काढू दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला, पण क्वीनीचे सुजलेले पाय डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

गिऱ्हाईक आलं त्या सकाळी क्वीनी चाकाच्या खुर्चीत दाराशीच बसली होती, मांडीवर गाठोडं. दुकानातूनच परस्पर निघायचं ठरलं होतं.

मेलबर्नहून आलेली बाई सरळ मनाची होती. चोरीचा माल घ्यायचा नाही, म्हणून काय काय विचारायचं ते शिकून आलेली. चित्र कुणी काढलं, पैसे कुणाच्या हातात पडणार, सगळं तिने खोदून विचारलं. ट्रेव्हरने फोटो पुढे केला. तरी ती मावीसकडे वळली.

“तुम्हीच काढलंत ना हे?”

‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. पण बापाच्या पाणवठ्याबद्दल मावीस जन्मात एकटी बोलली नव्हती. त्यांच्या लोकांत रीतच होती, चित्र बापाच्या लेकरांनी काढायचं आणि त्याच्या बहिणीच्या लेकरांनी तपासायचं. त्यांनी मान डोलावल्याशिवाय एक ठिपकाही खरा नाही. सवयीने तिची नजर दाराकडे, आत्याच्या लेकीकडे गेली.

क्वीनीने चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“हे माझ्या मामाचं पाणी नाही,” ती म्हणाली. “या वाटेने गेलात तर तहानेने मराल.”

बाईने पर्स मिटली. ती गेल्यावर ट्रेव्हरने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि दोघींना बाहेरचा रस्ता दाखवला.

फुटपाथवर मावीसला रडू आवरेना. “डोळे मिटून घ्यायचे होतेस ताई. एकदाच. आज रात्री घरी निजली असतीस.”

“मिटणारच होते,” क्वीनी म्हणाली. “पण तू माझ्याकडे पाहिलंस. पाहिलंस म्हणजे विचारलंस. मग मी काय करू गं?”

क्वीनीच्या मांडीवरून घसरणारं गाठोडं मावीसने नीट केलं आणि खुर्ची पुन्हा दवाखान्याकडे वळवली.