तेल बघणारा

"पावणं, ह्ये जाकीट घोंगड्यावरनं घालायचं का आतनं?" ईश्वरप्पानं विचारलं.

सिद्धरामाला तरी कुठं ठाऊक होतं? पण मुलाकडचा माणूस म्हणून त्याला सगळं ठाऊक असायलाच हवं होतं. "वरनं," तो ठासून म्हणाला. दोघांनी घोंगड्यावरून ती नारंगी जाकिटं चढवली आणि बोटीत पुढच्या बाकावर असे गच्च बसले, की मागे दुर्बिणी घेऊन बसलेल्या पुण्याच्या बायका तोंड फिरवून हसल्या.

हसेनात बापड्या. मंद्रूपच्या माळावर मेंढरांमागे जन्म काढलेल्या माणसानं एवढं पाणी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. उजनीचा फुगवटा नजर पोचेल तिथपर्यंत पसरला होता आणि पलीकडे उथळ पाण्यात पक्ष्यांची गुलाबी रांग दिसत होती. पण खरं सांगायचं तर सिद्धरामाला धास्ती होती ती पाण्याची नव्हे, तर शेजारी बसलेल्या पाहुण्याची.

ईश्वरप्पा अक्कलकोटकडचा. आपली सोनाली सिद्धरामाच्या येडूला द्यावी की नाही, हे ठरवण्याआधी मुलाचं काम डोळ्यांनी बघतो म्हणून तो आला होता. आणि सिद्धराम त्याला सांगून बसला होता, "पोरगं बोटीवर डायवर हाय."

येडू ड्रायव्हर नव्हता. येडूनं फोनवर आपल्या बापाला चार वेळा सांगितलं होतं, "आबा, मी बोटीच्या पट्ट्यांचं तेल बघतो." आता हे चारचौघांत काय सांगायचं? तेल तर आमची म्हातारीबी बघती, डोक्याचं, असं म्हणून पाहुणा उठून गेला असता. हल्ली पोरांना पोरी मिळायची मारामार. म्हणून सिद्धरामानं तेल गिळलं आणि ड्रायव्हर सांगितला. बोलताना कसं गोड वाटलं होतं!

तेवढ्यात काळा चष्मा लावलेला एक तरुण टुणकन आत आला आणि चाकासमोर बसला.

ईश्वरप्पा कानाशी वाकला. "पावणं, ह्यो कोन?"

"ह्यो... प्रदीप. येडूच्या हाताखाली असतोय."

"मंग येडू कुटं हाय?"

येडू त्या वेळी बोटीच्या शेपटाला पालथा पडला होता. एक झाकण उघडून त्यानं मुंडकं आत घातलं होतं आणि पाहुण्यांना त्याच्या चपलांचे तळवे तेवढे दिसत होते. ईश्वरप्पानं ते तळवे नीट पाहून घेतले. सिद्धरामाला वाटलं, आता ह्या पाण्यानंच पोटात घ्यावं.

"दाब रं," येडू आतूनच ओरडला. प्रदीपनं एक बटण दाबलं. बोटीच्या मागच्या बाजूला, डावीउजवीकडं, पोलादाच्या दोन पट्ट्या असतात. बटण दाबलं की तेलाच्या जोरावर त्या खाली झुकतात, वेगात वर उचललेलं बोटीचं नाक खाली आणतात आणि बोट सरळ धावते. "आता वर घे. वर! पुन्यांदा दाब." असं दोनतीनदा झालं. मग येडू फडक्याला हात पुसत पुढं आला.

"समद्यांनी उतरा," तो म्हणाला. "आबा, तुमीबी उतरा."

सिद्धरामाला आधी कळलंच नाही. "कुटं उतरू?"

"काठावर. डावी पट्टी वर येईना झालीय. येग घेतला की बोट एका कुशीवर पडंल."

"अरे, मी सावकाश नेतो की," प्रदीप म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. ऊन चढलं की पक्षी लांब जातात. "पट्ट्यांच्या बटणाला हातसुद्धा लावत नाही."

"मधी वारं सुटलं तर सावकाश जाशील का? पळवशीलच की काठाकडं. न्हाय, प्रदीप."

मागच्या बाया कुरकुरल्या, एवढ्या लांबून आलोय म्हणाल्या. गलका ऐकून बोटीच्या मालकीणबाई, दीक्षाताई, खाली काठावर आल्या. सोलापूरच्या दीक्षाताईंनी बोट पाहिली नाही, पट्ट्या पाहिल्या नाहीत, फक्त येडूकडं पाहिलं.

"येडू, काय म्हणतोस?"

"न्हाय जायाची, ताई."

"मग नाही," दीक्षाताई म्हणाल्या आणि पाहुण्यांकडं वळल्या. "चला, तुम्हाला कोळ्यांच्या होडीतून जवळचे पक्षी दाखवते. घाई करू नका, हात धरून उतरा."

सिद्धराम जागचा हलला नाही. त्याचे कान तापले होते. होणाऱ्या व्याह्यासमोर, परक्या बायांसमोर, पोटच्या पोरानं उतर म्हणावं? "बापाला उतरवतोस व्हय रं?" तो दात खाऊन म्हणाला. "पावणा बघतोय, जरा तरी जाण ठेव!"

"पावण्यास्नीबी उतरवतोय की, आबा," येडू म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला. आधी ईश्वरप्पाला धरून फळीवर घेतलं, मग बापाला.

सिद्धराम तरातरा काठावर गेला, जाकीट काढून आपटलं आणि पाठ करून उभा राहिला. पण माणूस मेंढरांतला. कळपातलं एखादं जनावर लंगडत असताना त्याला पाठ करून उभं राहणं जमलंय होय? थोड्या वेळानं तो पुन्हा बोटीपाशी आला.

"दाव. काय झालंय त्येला?"

येडूनं छोट्या टाकीतलं तेल पिचकारीनं ओढून काचेच्या पेल्यात काढलं. दुसऱ्या पेल्यात डब्यातलं नवं तेल ओतलं. नवं लालभडक होतं. टाकीतलं दूध मिसळल्यासारखं, गढूळ गुलाबी.

सिद्धरामानं दोन्ही पेले उन्हात धरले. मेंढरू आजारी आहे का, हे तो असंच बघत आला होता. खालची पापणी उलटायची. आत लाल असेल तर जनावर धडधाकट. फिकं असेल तर ते बाजारात उभं करायचं नाही. एकदा घरच्या जत्रेलाही त्यानं असलं मेंढरू कापू दिलं नव्हतं, आणि त्यावरून मेव्हणा दोन वर्षं बोलत नव्हता.

"रगत फिकं पडलंय ह्याचं," तो म्हणाला.

येडू हसला. "व्हय आबा. पानी शिरलंय. डावी पट्टी ढकलनाऱ्या दांड्याचं रबर गेलंय, तितनं."

"मंग आता?"

"समदं तेल काडायचं. रबर बदलायचं. पट्ट्या पार वर घिऊनच नवं भरायचं. खाली असताना भरलं तर वर घेताना समदं उतू जातंय. मंग हवा जाईस्तवर वरखाली करायच्या."

"आन् ह्ये कुनी सांगितलं न्हाय तरीबी तू रोज बघतोस?"

"बोट सुटायच्या आदी रोज."

सिद्धरामानं घोंगडं बाजूला ठेवलं, धोतराचा काचा मारला आणि नरसाळं धरून बसला. येडू काम करत होता. त्याच्या बोटांना घाई नव्हती. बापाचा ऊर भरून आला. आपल्या तोंडून 'डायवर' निघालाच कसा, याची त्याला आता लाज वाटू लागली. आणि ईश्वरप्पा? तो दूर दगडावर बसून तंबाखू मळत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं.

काम संपलं तोवर केम स्टेशनला जाणारी जीप येऊन उभी राहिली. "आबा, प्रदीपला एक चक्कर मारून आनाया सांगतो, पटकन," येडू म्हणाला.

"न्हाय. आदी रिकामी फिरवून बघ," सिद्धराम म्हणाला. "आमी परत कवातरी."

जीप बरीच पुढं गेल्यावर त्यानं घसा खाकरला. "पावणं, मी खोटं बोललो. पोरगं डायवर न्हाय. तेल बघतंय."

"मला त्याच्या चपला बघूनच कळलं," ईश्वरप्पा म्हणाला. सिद्धरामानं मान खाली घातली. जीप खड्ड्यांतून आदळत राहिली. "बाप बसलाय, सासरा हुनार मानूस बसलाय, पुण्याची मानसं वरडायल्यात. तरीबी गडी न्हाय म्हनला. आन् मालकिणीनं ऐकलं." त्यानं तंबाखू बाहेर थुंकली. "सोनालीला इचारतो. माझ्याकडनं आयतु."

आयतु म्हणजे झालं. कानडी मुलखाच्या काठावर राहिलेल्या सिद्धरामाला तेवढं कळत होतं. त्यानं ईश्वरप्पाचा हात धरला आणि स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

घरी गोजाबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. नवऱ्याची चाहूल लागताच तिनं आतूनच विचारलं, "बसलासा का बोटीत?"

"बसलो की," सिद्धराम दारातूनच म्हणाला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आन् आपल्या येडूनं उतरवलं मला!"

गोजाबाईचा हात परातीत थबकला. "आगं बया! का ओ?"

सिद्धरामानं घोंगडं अंथरलं आणि सांगायला बसला.