उदबत्तीचं भोक

मी एक जुनी सॅक आहे, सुरतच्या डिंडोलीत एका खुंटीवर लटकलेली. माझ्या तळाला बोट जाईल एवढं भोक आहे. हसू नका मित्रांनो, ते मी परदेशातून आणलंय.

मला भागीरथीबाईंनी शिवलं. त्यांचे यजमान भटूभाऊ लूमवर कामाला. साड्यांचे गठ्ठे बांधायचं जाड कापड त्यांनी आणलं आणि बाईंनी दुहेरी शिलाई मारली. लेक गायत्री सहली नेणाऱ्या कंपनीत लागली होती, तिच्यासाठी. दोन वर्षं मी तिच्या पाठीवर मिरवले. मग तिला पहिल्यांदा एकटीने सहल न्यायची होती, बालीच्या डोंगराळ बेटावर. भातखाचरांतून सायकल, नदीत रबरी होडी, शेवटी ज्वालामुखीचा डोंगर. साहेबांनी बजावलं होतं, एक तक्रार आली तरी परत तिकिटांच्या टेबलावर! एक जागा रिकामी राहिली म्हणून आईही निघाली, आणि कळण्याच्या भाकरी पोटात घेऊन मी आईच्या पाठीवर.

तिसऱ्या सकाळी बाई मला घेऊन गल्लीत आल्या. प्रत्येक दारापुढे, थेट जमिनीवर, ताडपानाची इवलीशी परडी. आत फुलं, भाताची शितं, पेटती उदबत्ती.

"माय वं! देवनं शे हाई, पाय पडी कोनाना!" बाई कळवळल्या.

डिंडोलीत रस्त्यावर पडलेलं हाराचं फूलही त्या उचलून तापीत सोडतात. इथेही त्यांनी दारोदार वाकून परड्या गोळा केल्या आणि माझ्यात भरल्या. एक उदबत्ती धुमसत राहिली. मला चटका बसला, पण मला कोण विचारतो?

धूर निघाला तसे लोक जमले. आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण रिकाम्या उंबऱ्याकडे बघतच राहिली. सहलीतले दोघे कुजबुजले. घाबरली की गायत्रीच्या तोंडून गुजराती निघते. "मम्मी, आ शुं कर्युं?"

सहलीबरोबरच्या तिथल्या वाटाड्याने समजावलं. ती पूजा जमिनीवरच ठेवायची असते. उदबत्ती विझेपर्यंत तिला हलवत नाहीत.

बाईंचं तोंड एवढंसं झालं. लेकीची बढती आपण घालवली, हे त्यांना लगेच कळलं. माझ्यातल्या परड्या तर चेंगरून गेल्या होत्या. त्या मालकिणीशेजारी मांडी घालून बसल्या, पान कसं दुमडतात ते पाहिलं आणि हात चालू केला. शिवणारे हात ते! तासाभरात सगळ्या परड्या तयार. मग त्या एकेका दाराशी गेल्या. देवाचं थेट जमिनीवर ठेवायचं! जन्मात असं कधी केलं नव्हतं. प्रत्येक वेळी त्या पुटपुटायच्या, "माफ कर, देवा."

शेवटच्या दाराशी मालकिणीने त्यांच्या कानामागे चाफा खोवला. तक्रार कुणी केली नाही. डोंगर चढताना गायत्रीने मला आईकडून काढून स्वतःच्या पाठीवर घेतलं.

आता गायत्रीकडे चाकांची बॅग आहे. परवा ती मला भंगारात द्यायला निघाली. "मम्मी, भोक पडलंय, किती दिवस ठेवायची?"

मित्रांनो, जुनी वस्तू उचलण्याआधी एवढं विचारत जा, ती तिथे कुणी ठेवलीय. गायत्रीने विचारलं नव्हतं.

बाई शिवणावरून मान वर न करता म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिले तठे मीच ठेयेल शे."