बुडवलेला डोंगा

उन्हाळ्यात लाकडी डोंगा पाण्याबाहेर राहिला की चिरतो. म्हणून धीवर तो बुडवून ठेवतात. आत दगड भरायचे, खोल पाण्यात तळाशी बसवायचा आणि आषाढ लागला की दगड काठावर काढून डोंगा वर घ्यायचा. दगड फेकायचे नसतात, पुढच्या वर्षी लागतात. त्या चिखलाच्या मुलखात चांगला दगड सहज मिळत नाही.

नागभीडजवळच्या त्या गावात असा एकच डोंगा उरला होता, झाडू धीवराचा, अखंड मोहाच्या खोडातून कोरलेला. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात झाडूनं तो बुडवला आणि आठवडाभरात त्याला लकवा झाला. पुढे जलपर्णीनं अख्खा तलाव झाकून टाकला. साऱ्या गावाचं नुकसान झालं, फायदा झाला तो एकट्या मुखरूचा.

मुखरू म्हणजे झाडूचा मुलगा. बाप दवाखान्यात असताना एका बाजाराच्या दिवशी, गाव रिकामं पाहून, त्यानं तो डोंगा काढला आणि जंगलाच्या गेटाजवळच्या एका रिसॉर्टवाल्याला देऊन टाकला. त्याचं काय मिळालं आणि ते कुठे गेलं, हे त्याला आज विचारलं तर सांगता येणार नाही. इतकं ते थोडं होतं. बापानं कधी विचारलं की मुखरूचं उत्तर ठरलेलं, "पाण्यातच आहे, बाबा. भिजला तेवढा चांगला." वरून जलपर्णी होतीच साक्षीला.

मग यंदा चैत्रात, झाडू पुन्हा दवाखान्यात असताना, डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं. याचा अर्थ घरात कुणी बोलून दाखवला नाही. मुखरूच्या बायकोनं, रिनानं, खाट दारासमोर ओढली, म्हणजे म्हाताऱ्याला तलाव दिसेल.

झाडूचं बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. "मोटारीत नोका नेऊ मले," तो म्हणाला. "डोंगा काढा. तुझी माय त्यातच गेली होती."

स्मशान तलावापलीकडे. पूर्वी पावसाळ्यात मयत डोंग्यातूनच जायची. बायकोला, कलाबाईला, तर झाडूनं स्वतः वल्हवत नेलं होतं. आता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सिमेंटचा रस्ता झालाय, मोटार थेट पलीकडे जाते.

"एवढ्या जलपर्णीत कुठी शोधू, बाबा?" मुखरू म्हणाला. हे उत्तर त्यानं आधीच तयार ठेवलं होतं.

त्याच्या दुर्दैवानं बाबूभाई भेटायला आले होते. नागभीडला मोटारपंप दुरुस्त करणारे बाबूभाई. तीस वर्षं झाडूनं त्यांच्या घरी ताजी मासोळी पोचवली, त्यांनी फुकटात झाडूची बॅटरी, कंदील, रेडिओ नीट करून दिला, आणि कोण कुणाला किती देणं लागतो हे दोघांनीही कधी मोजलं नाही. मुखरूला अशी दोस्ती कळत नसे.

"माझ्याकडं एक मशीन पडून आहे," बाबूभाई म्हणाले. "बोटीवरची. मच्छी कुठं आहे ते दाखवते."

"मच्छी दाखवते ना, बाबूभाई. डोंगा कसा दाखवंल?"

"तिले काय माहीत मच्छी काय अन् डोंगा काय. आवाज खाली सोडते, वापस येईल तो पडद्यावर लिहिते. नरम असलं तं फिक्कं, कडक असलं तं गडद."

मुखरूनं मनातल्या मनात गणित मांडलं. डोंगा तिथे नाही, तेव्हा मशीनला काही दिसणार नाही. चार जागा धुंडाळू, गाव पाहील, बाप पाहील, 'गाळात गेला' म्हणता येईल. मशीन उलट आपल्याच बाजूची साक्षीदार. "आणा," तो म्हणाला, आणि रिनाला नवरा त्या क्षणी फार गुणी वाटला.

मशीनचा पडदा वहीएवढा. वायरच्या टोकाला मुठीएवढा काळा सेन्सर. तो बोटीच्या मागच्या फळीला खालून ठोकायचा असतो, बोट चालली की तो बघत जातो. इथे बोट नाही, आणि जलपर्णीत ती चालणारही नाही.

"विदेशात तलावाचा बर्फ होते," बाबूभाई कामाला लागत म्हणाले. "लोक बर्फाले भोक पाडते, अन् हा सेन्सर आत सोडते. व्हिडिओत पाह्यलं मी. आपल्याकडं बर्फ नाई, पण झाकण तं आहे."

ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा बांबूला बांधून तराफा केला. कोयत्यानं जलपर्णीत भोक पाडलं. प्लास्टिकच्या पाइपाला सेन्सर बांधून आत सोडला, पण तराफा हलला की पाइप हले आणि पडद्यावर नुसता धूर. मग बाबूभाई म्हणाले, "झाडूभाऊच्या जाळ्याचे शिसे आण." पाइप काढून त्यांनी सेन्सर दोरीला टांगला आणि चारही बाजूंनी शिशाच्या गोळ्या बांधल्या. गवंड्याच्या ओळंब्यासारखा तो सरळ खाली लटकला. तराफा कितीही हलो, तो जागचा हलेना. पडद्यावर तळाची रेघ उमटली, फिक्की, जाड, चिखलाची.

पाळीवर गाव जमलं होतं. निम्मे मशीनवर विश्वास नसलेले, उरलेले बाबूभाईंवर, पण उठून घरी कुणी गेलं नाही. एकेक भोक पाडत तराफा खोल पाण्याकडे सरकला. सगळीकडे फिक्की रेघ. मुखरूचा जीव हळूहळू भांड्यात पडत होता.

काठावरच्या चिंचेसमोरच्या भोकात रेघ एकदम गडद झाली. पुढच्या भोकात तशीच. त्याच्या पुढच्यातही.

"कडक आहे," बाबूभाई म्हणाले. "लांब आहे. डोंग्याएवढं."

पाळीवर गलका झाला. कुणीतरी झाडूला सांगायला पळालं.

मुखरू पडद्याकडे बघत राहिला. त्यानं सगळं धरलं होतं, दगड तेवढे विसरला होता. त्या दिवशी एकट्यानं घाईत डोंगा कुशीवर आडवा पाडला होता तेव्हा दगड तिथेच ओतले गेले, लांबच लांब. डोंगा गेला, डोंग्याची लांबी तिथे राहिली.

"जा ना गा खाली," बाबूभाई म्हणाले. "दोर बांध."

तो बुडी मारून गेला. अंधारात हाताला ओळीनं दगड लागले. वरचाच एक गोल होता, मध्ये भोक असलेला. काहीतरी घेऊन वर जायलाच हवं होतं. त्यानं तो उराशी धरला.

"गाळात रुतला," वर येऊन तो धापा टाकत म्हणाला. "निघत नाई. हा आतला दगड."

बाबूभाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि वायर गुंडाळायला घेतली.

दगड खाटेशी नेला. कलाबाईच्या जात्याचा, खुंटा निघून गेलेला, खालचा दगड तो. झाडूनं चालता हात त्याच्यावर ठेवला, भोकात बोट घातलं.

"भेटला का डोंगा?"

"भेटला, बाबा. पण रुतला आहे."

"हा दगड कुठी होता? वरती का बुडाशी?"

"वरती," मुखरू म्हणाला. एवढं तरी खरं सांगायला मिळालं, याचं त्याला बरंच वाटलं.

झाडूनं तलावाकडे पाहिलं. "हा मी सगळ्यात आधी ठेवतो," तो म्हणाला. "बुडाशी. याच्यावर बाकीचे."

मुखरूला कळायला थोडा वेळ लागला. डोंगा आडवा पाडला की तळचा दगड शेवटी पडतो, सगळ्यांच्या वर.

"एकट्यानं काढला तू."

रिनानं नवऱ्याकडे पाहिलं. बाबूभाईंनी मान खाली घातली.

"दोघं लागतात गा त्याले," झाडू म्हणाला. "कंबर गेली असती तुझी." मग थांबून, "कुठी आहे?"

"रिसॉर्टात. गेटापाशी." मुखरू म्हणाला. "माती भरून फुलं लावली आहेत त्यात."

"पाणी टाकतात?"

"रोज टाकतात, बाबा."

"मंग नाई चिरत," झाडू म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले.

पाणी निघून जावं म्हणून बुडाला भोकं पाडली आहेत, हे मुखरूनं सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं गप्प बसणं त्याच्या स्वतःच्या कामाचं नव्हतं.

झाडू त्याच आठवड्यात गेला. मोटार दारात आली होती, मुखरूनं ती परत पाठवली. बाबूभाईंनी पाडलेली भोकं चिंचेपर्यंत होतीच. त्यानं कोयता घेतला आणि पहाटेपासून पुढची जलपर्णी तोडत पलीकडच्या काठापर्यंत वाट केली. बाबूभाई आले तेव्हा तो गळ्यापर्यंत पाण्यात होता.

मयत तराफ्यावर ठेवली. उशाशी रिनानं जात्याचा दगड ठेवला. मुखरूनं एक बाजू धरली, तराफा दुसऱ्या अंगानं कलला.

"थांब," बाबूभाई म्हणाले. चपला पाळीवर काढून ते कपड्यांनिशी पाण्यात उतरले आणि त्यांनी दुसरी बाजू धरली.