कोंडीतली आवडाबाई

सन अठ्ठावीसच्या वैशाखात आवडाबाई खारवीण कातळवाडीच्या कोंडीत उतरली, ती निव्वळ अंग निववायला.

दहा वर्षं ती भाट्याच्या खाडीवरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन या वाडीत येत होती. तीन कोसांची वाट, त्यातला अर्धा उघडा, तापलेला कातळ. त्या दिवशी मासळी हातोहात खपली, आणि परतताना ओढ्यातल्या खोल कोंडीचं ते हिरवंगार पाणी दिसलं. खाडीत वाढलेल्या बाईला राहवेना.

तसं त्या कोंडीत कुणी बोटही बुडवत नसे. तिच्यात साती आसरा राहतात, कमरेच्या वर बाई आणि खाली मासा, आणि पाण्याला हात लावणाऱ्याला पाय धरून तळाशी नेतात, असं वाडीतलं शेंबडं पोरही सांगे. म्हणून बायका अर्ध्या मैलावरच्या झऱ्यावरून हंडे वाहायच्या. आवडाबाईनं पाटी केवड्याच्या बेटात लपवली, आसरांना हात जोडले, काष्टा आवळला आणि सूर मारला.

दोन बुड्या मारून वर आली, तर काठावर हातात नारळ घेऊन रावजी गावकर उभा.

रावजी म्हणजे वाडीचा मानकरी. कोंडीचे नियम सांगणारा आणि ते मोडणाऱ्याला वाळीत टाकणारा तोच. आवडाबाईला कळून चुकलं. आता या वाडीत पुन्हा पाटी उतरायची नाही! तिनं पटकन बुडी मारली. पण दम किती धरणार? केस तोंडावर आलेले, अशी ती धापा टाकत वर आली. रावजी गुडघे टेकून थरथरत होता.

"आई! दर्शन दिलंस!" मग त्यानं नाक वर करून वास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. "मासळीचा वास येतोय! खरंच गो आई, खरंच!"

आवडाबाईला आधी काही उमगलं नाही. उमगलं, तेव्हा हसू आवरायला ती नाकापर्यंत पाण्यात गेली.

"डोळे मीट, मेल्या!"

रावजीनं डोळे गच्च मिटले. ती हळूच काठाकडं सरकली, पण पायाखालचा धोंडा निसटला आणि ती धपकन आपटली. रावजीची एक पापणी हलली. आता काहीतरी जबरदस्त बोलायला हवं होतं. घाईत तोंडात आलं ते तिनं बोलून टाकलं.

"श्रावणी सोमवारी गोठ्यामागं बसून सुके बांगडे भाजून खातोस! मला दिसत नाही होय?"

रावजीचा चेहरा राखेसारखा झाला. "एकदाच, आई..."

"तीनदा!"

तिन्ही वेळा बांगडे तिनंच दिले होते.

"चुकलो, आई!"

"घरी पळ. मागं वळलास तर बघ!"

रावजी असा पळाला, की त्याची एक वहाण वाटेतच राहिली.

सुटले, असं आवडाबाईला वाटलं. पण चार दिवसांनी ती वाडीत आली, तर कोंडीच्या काठावर खण, तांदूळ आणि हिरवा चुडा मांडलेला. पारावर बसून रावजी सगळी हकिगत सांगत होता. सुक्या मासळीचा भाग अर्थातच गाळून.

"पण बोलली काय ती?" म्हाताऱ्या गंगारामनं विचारलं.

"मला मेल्या म्हणालीन."

"ही तर खारविणींची बोली. आसरा अशी कशी बोलेल?"

"अर्धी मासळी आहे ती!" रावजी उसळला. "मग काय पुराणिकबुवासारखी बोलेल?"

आवडाबाई पदर पुढं ओढून घाईनं सटकली, ती रावजीच्याच ओटीवर पोचली. त्याची बायको राही वाट बघत बसली होती. मासळीकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"आवडे, हे झोपेत बरळतात. 'तीनदाच खाल्ले गो आई, सुके बांगडे.' आता खाणारे हे आणि देणारी तू. मग आसरेला सांगितलं कुणी?"

आवडाबाईनं तिचे पायच धरले. "वहिनी, माझी पाटी बंद करू नका हो!"

"ऊठ गो. बंद कशाला करू? तू परत जा कोंडीत."

"आं?"

"वीस वर्षं पाणी वाहतेय. ही मान बघ, खांद्यात रुतली. घरामागं कोंड भरलेली, आणि आम्ही उन्हातनं तंगडतोड करतो. माझं हे ऐकत नाहीत. तुझं ऐकतील."

पुढच्या सोमवारी दुपारी राही नवऱ्याला एकट्याला घेऊन येणार, असं ठरलं. आवडाबाई काठावरच्या उंबराच्या मुळ्यांआड गळ्याइतक्या पाण्यात बसून राहिली. आणि कानावर आला तो ढोल! रावजीच्या पाठी सगळी वाडी आली होती, पुढं गंगाराम. राही लांबून हातवारे करून सांगत होती, की माझा इलाज चालला नाही. पळायला जागाच नव्हती. आवडाबाईनं केस तोंडावर घेतले आणि डोकं वर काढलं. ढोल बंद पडला.

"माझं पाणी माझ्या लेकींचं!" दातांवर दात आपटत ती ओरडली. "हंडे भरा! जो आडवा येईल, त्याचं मी सगळं सांगेन!"

सगळं म्हणजे काय, हे एकाही पुरुषानं विचारलं नाही. जो तो आपल्या पायांकडं बघू लागला.

इथवर छान झालं. पण बुडी मारताना तिच्या पोटरीत गोळा आला, ती उलटीपालटी झाली आणि दोन्ही पाय पाण्याबाहेर उभे राहिले.

"पाय!" गंगाराम किंचाळला. "अरे, हिला पाय आहेत!"

आवडाबाई खोकत वर आली. रावजी तिच्याकडं टक लावून बघत होता. केस बाजूला झाले होते, चेहरा उघडा पडला होता. त्यानं ओळखलं, याबद्दल तिला शंकाच उरली नाही. तीही त्याच्याकडं बघत राहिली. तिचे ओठ बोलायला उघडले मात्र, रावजी गर्रकन लोकांकडं वळला.

"असणारच पाय!" तो गरजला. "लेकींना भेटायला आलीय, शेपटी घेऊन येईल काय? नमस्कार करा!"

सगळे आडवे झाले, गंगारामसुद्धा. तेवढ्यात आवडाबाई मुळ्यांआडून पसार झाली.

दुसऱ्या दिवशी राहीनं डोळे मिटून पहिला हंडा बुडवला. कुणी पाय धरला नाही. मग दुसरी आली, तिसरी आली, आणि आठवड्याभरात पाणवठ्यावर जागेवरून भांडणं सुरू झाली. रावजी आवडाबाईला रस्त्यात भेटला की वाकून वाट द्यायचा आणि मासळीचं नाव काढायचा नाही.

एका दुपारी काठावर दोघीच होत्या. राही गुडघाभर पाण्यात उतरली, मग कमरेपर्यंत.

"हात सोडू नको गो!"

"नाही सोडत," म्हणत आवडाबाईनं हात सोडला.

राही बुडाली, वर आली, तोंडातलं पाणी फुर्रकन उडवलं आणि आवडाबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग नाक चिमटीत धरून तिनं आपणहून पुन्हा बुडी मारली.